दिवे बंदच होते

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू हयात असताना कधी लिहिलं नाही. सांगली ते सातारा फोन होताच, आणि फोनवरही मी "बरं", "हो", "बघतो" यापलीकडे बोलायचो नाही. तू म्हणायचीस, "बापू, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला चेंडू मारणं." आज मात्र लिहावंच लागणार आहे. काल तुझ्या गाडीतला दोष सापडला.

तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलोय. दुपारचे तीन वाजलेत, ऊन फार आहे. मीनल रविवारी पुण्याहून येणार आहे, गाडी बघायला गिऱ्हाईक येणार आहे. "मामा, निदान सुरू तरी करून ठेवा," असं तिनं सांगितलं, म्हणून चार दिवसांची रजा काढून आलो. येताना चार्ज केलेली बॅटरी आणली. आणि चावी. चौदा महिने ती माझ्याकडेच होती, कपाटाच्या खणात, पावत्यांच्या खाली.

तू ती किल्ल्यांच्या जुडग्यातून कशी काढून दिली होतीस ते मला नीट आठवतं. नखानं कडी उघडत नव्हती. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणालीस, "राहू दे, निघेल." निघाली. माझ्या हातावर ठेवलीस आणि एवढंच म्हणालीस, "जपून ठेव." मला वाटलं, तुला पटलंय. पटलं होतं का गं?

सगळं सुरुवातीपासून सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगतो, कारण ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर गाडीनं पहिल्यांदा दगा दिला. सकाळी तुझा फोन आला, "म्हातारी आज उठत नाही रे. चावी फिरवली की टक् करते आणि गप्प बसते." मी विचारलं, "दिवे चालू राहिले होते का?" तू म्हणालीस, "नाही. बंद केले होते." मी म्हणालो, "राहिले असतील." आपलं बोलणं तिथेच संपलं.

रविवारी बॅटरी चार्जर घेऊन आलो. बॅटरी काढली, चार्ज केली, परत बसवली. एका झटक्यात गाडी सुरू! शेजारचे माने फाटकातून बघत होते. "अक्का, म्हातारीला च्यवनप्राश दिला काय भावानं?" असं म्हणाले. तू हसलीस. मीही हसलो. वीज कळणारा माणूस म्हणून मला जरा बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

अक्का, त्या दिवशी बॅटरी दोन तासांत भरली होती. रात्रभर दिवे चालू राहून रिकामी झालेली बॅटरी दोन तासांत भरत नाही. आठ-दहा तास लागतात. हे मला माहीत नाही असं नाही. बत्तीस वर्षं कुपवाडला कारखान्याचे पॅनल सांभाळतोय. ती भरलेलीच होती, म्हणून लवकर भरली. समोर दिसत होतं, पण मी बघितलं नाही.

आमच्याकडे नवा माणूस लागला की मी त्याला एकच वाक्य सांगतो. आधी मोज, मग बोल. मोटर जळली, फ्यूज उडाला, कुणी काही म्हटलं की आमच्यातला शिंदे लांबूनच ओरडतो, "साहेब येईपर्यंत तोंड उघडू नका रं, मीटर लावा आधी!" सगळे चेष्टा करतात माझी त्यावरून. आणि तुझ्या अंगणात मी मीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. बॅटरी काढायच्या आधी एकदा, फक्त एकदा, दोन टोकं लावून बघितली असती! अर्ध्या मिनिटाचं काम. पण मोजायची गरजच वाटली नाही. घरातल्या बाईनं दिवा चालू ठेवला असणार, हे मी सांगलीतून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये. तेव्हा मला यायला जमलं नाही, तू पोवई नाक्याकडच्या मेकॅनिक सलीमभाईंना बोलावलंस. ते म्हणाले, बॅटरी चांगली आहे, अर्थिंग बघायला पाहिजे. तू मला फोनवर तसंच सांगितलंस, शब्द नीट लक्षात ठेवून. आणि मी काय म्हणालो? "मग त्यालाच दे की गाडी. मी कशाला सांगलीवरून हेलपाटे घालू?"

तू म्हणालीस, "नको, तूच बघ. सवड झाली की ये."

मी आलो. बॅटरी काढली, चार्ज केली, बसवली. झाली सुरू. "बघ," मी म्हणालो. आता कळतंय की बॅटरी काढता-घालताना खालची तार हलायची, तात्पुरती टेकायची आणि गाडी आठ-पंधरा दिवस चालायची. माझ्या चार्जरचा त्यात काही संबंध नव्हता.

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलो तेव्हा हे कॅलेंडर बघितलं. आत्ताही समोर भिंतीवर आहे. तुझ्या सवयीप्रमाणे नव्याच्या मागे जुनी वर्षं तशीच खिळ्याला. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, रक्तदाबाच्या गोळ्या कधी आणल्या. आणि डिसेंबरपासून ज्या ज्या दिवशी गाडी बाहेर काढलीस त्या त्या चौकोनात बारीक अक्षरात "दिवे बंद" आणि पुढे बरोबरची खूण. कधी दोन खुणा. दोनदा बघितलं असेल तेव्हा दोन.

ते बघून मी काय समजलो, सांगू? मला वाटलं, हिला आता साध्या गोष्टीही लिहून ठेवाव्या लागतात.

मी बाहेर अंगणात गेलो आणि मीनलला फोन लावला. "आईला एकदा दाखवून घे. विसरायला लागलीय." मीनल घाबरली. तुला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तुला आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तू परत आल्यावर म्हणालीस, "बापू, मी घड्याळ काढलं, त्यात सेकंदकाटाही काढला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याची गरज नव्हती." शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपत्रकं सांभाळलेली बाई तू! डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं सगळं उत्तम आहे. पण एकदा शंका घरात शिरली की डॉक्टरांच्या कागदानं जात नाही. मीनल रोज फोनवर "आई, आज काय वार?" विचारायला लागली. तू सांगायचीस. मला तक्रार म्हणून कधी बोलली नाहीस.

मग फेब्रुवारीत वाईच्या अलीकडे गाडी बंद पडली. तू मैत्रिणीकडून परत येत होतीस. भर दुपारी चार तास रस्त्याकडेला बसलीस, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं ओढून आणलं. मी दुसऱ्या दिवशी आलो आणि तू काही बोलायच्या आत म्हणालो, "अक्का, आता पुरे." चावी घेतली. बॅटरीही उचलून सांगलीला नेली, म्हणजे प्रश्नच मिटला.

भावजी गेल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तू गाडी शिकलीस. पहिल्यांदा एकटी सांगलीला आलीस तेव्हा घामानं ब्लाऊज भिजला होता, पण चेहरा असा होता, की जणू विमान उतरवून आलीयस. वाई, पाचगणी, तासगावची लग्नं, सगळीकडे त्या गाडीनं जायचीस. चावी घेतल्यानंतर तू वाईला कितीदा गेलीस? काल मी कॅलेंडरवर शोधलं. एकदाही नाही. एसटीनं गुडघे दुखतात म्हणून मैत्रीण इकडे यायची, नाहीतर फोन. दुधाचे खाडेही थांबले. घराबाहेर राहायला गेलं तर खाडा पडणार ना.

यंदा जानेवारीत तुला ताप आला, छातीत उतरला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. गाडी असती तर वाचली असतीस असं काही नाही. तसं मी मनाला लावून घेत नाही. पण शेवटचे अकरा महिने तू फाटकाच्या आत काढलेस, ते माझ्यामुळे.

आता कालचं.

सकाळी हवा भरली, थोडं ताजं पेट्रोल ओतलं, बॅटरी बसवली. कारखान्यात लोड लावून तपासून आणलेली, ठणठणीत बॅटरी. चावी फिरवली.

टक्.

आणि गप्प.

मी तसाच बसून राहिलो, अक्का. चौदा महिने या गाडीचा दिवा कुणी लावलेला नाही. बॅटरी माझ्या ताब्यात. चावी माझ्या ताब्यात. काल दोष द्यायला तू नव्हतीस.

मग खाली उतरलो आणि मीटर काढला. पहिल्यांदा.

माने आले होते. त्यांना म्हटलं, आत बसून चावी फिरवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खुंटाला लावलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. या दोघांमध्ये काही दिसायला नको. दिसलंच तर शून्याच्या आसपास. कारण वीज बॅटरीतून जाते तशी तिला परत बॅटरीत यावं लागतं, आणि ती परत येते गाडीच्या पत्र्यातून, एका जाड तारेवाटे. तीच अर्थिंगची तार.

माने आतून ओरडले, "किती आलं?"

"चार व्होल्ट."

"चार म्हणजे चांगलं का वाईट?"

"वाईट."

"मग सापडलं की! तोंड कशाला पाडलंय एवढं?"

मी बॅटरी काढली, तिच्या खालचा ट्रे काढला. तार तिथंच पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती. म्हणजे असायला हवी होती. तांब्याच्या तारा खाऊन गेल्या होत्या, चार-दोन उरलेल्या. बाकी हिरवट, पांढरट खपली. मी स्क्रूड्रायव्हरनं ती खरवडली.

खपलीतून कुंकू निघालं, अक्का.

थरच्या थर. हिरवं, मग लालसर, मग पिवळं. मध्ये नारळाची शेंडी, दोन-तीन काथ्या. मी हातात घेऊन बघत राहिलो. माने म्हणाले, "आयला, हे तर पूजेचं सामान!"

भावजी असताना ते दसऱ्याला नारळ चाकापुढे जमिनीवर फोडायचे. ते गेल्यावर पूजा मी करायला लागलो. आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. तिथं आम्ही प्रत्येक यंत्राच्या मुख्य जागेला हळदकुंकू लावतो. तीच रीत मी तुझ्या अंगणात आणली. बॉनेट उघडायचं, बॅटरीवर हळदकुंकू वाहायचं, आणि नारळाचं पाणी तिच्यावरच सोडायचं. "गाडीचा जीव इथं असतो," असं मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. कारखान्यातल्या पॅनलवर पाणी शिंपडायला मी कुणाला कधी देत नाही, बरं का! तिथं फक्त बोटानं कुंकू. इथं मात्र नारळभर पाणी. का? घरची गाडी, आपलीच माणसं, म्हणून?

भावजींनंतरचे आठ दसरे. आठ नारळ. ते सगळं पाणी बॅटरीवरून ओघळून त्या एका तारेवर साचत होतं.

गेल्या दसऱ्याचं आठवलं तेव्हा तर मी तिथंच पायरीवर बसलो. बॅटरी सांगलीला होती, तरी मी बॉनेट उघडलं आणि रिकाम्या ट्रेवरच नारळ धरला. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "यंदा चाकापुढंच फोड की बापू. त्यांच्यासारखं."

मी म्हणालो, "नेहमीचं नेहमीसारखं होऊ दे."

तू हसलीस. "रिकाम्या देव्हाऱ्याची पूजा करतोस बघ." आणि आपट्याची पानं आणायला आत गेलीस.

तेव्हा तुला माहीत होतं का?

याचं उत्तर मला काल दुपारी मिळालं. नवी तार बसवली, बोल्ट घासून आवळला, चावी फिरवली. पहिल्या फिरकीला सुरू झाली तुझी म्हातारी! मी ती थेट पोवई नाक्याकडे नेली. सलीमभाई एका जीपखाली होते. मी नाव सांगितलं, तुझा भाऊ म्हणून. ते बाहेर आले, हात पुसले, आधी तुझ्याबद्दल बोलले. मग मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. अर्थिंगच होतं."

ते म्हणाले, "आवं साहेब, मी आक्कास्नी दोनदा सांगितलं. दहा मिंटाचं काम हाय, आत्ता करतो म्हणलं. नारळाच्या पाण्यानं झालंय हे बी सांगितलं. तर त्या म्हणल्या, नको, भाऊ येतोय, त्याच्याच हातनं होऊ दे. त्याला वाईट वाटंल."

मी हातातली चावी खिशात टाकली.

"लय वाट बघितली त्यांनी," सलीमभाई म्हणाले. "एकदा इथं चालत आल्या. म्हणल्या, भाई, अर्थिंग म्हंजे काय ते नीट समजावून सांगा. मी कागदावर काढून दावलं."

अक्का, तू चिडायचं होतंस माझ्यावर! "बापू, तुझं चुकतंय" एवढं म्हणता येत नव्हतं? माझ्या मनाला लागू नये म्हणून तू स्वतः विसराळू ठरलीस? मोठी बहीण असलीस म्हणून काय झालं? एवढं सांभाळायचं असतं का कुणाला? मी छप्पन्न वर्षांचा माणूस आहे गं.

की तुलाही थोडी शंका यायला लागली होती? सगळेच म्हणतायत तर असेल, असं? मग त्या खुणा कशासाठी होत्या? मला दाखवायला, की स्वतःची खात्री करायला? मी कॅलेंडरची पानं पुढेमागे करून बघितली. अक्षर कुठेही हललेलं नाही. एकही दिवस चुकलेला नाही. यातलं मला काहीच नक्की कळणार नाही आता.

खरं सांगू, मला थकल्यासारखं झालंय. रडू येत नाही. तीन महिने तुझी कागदपत्रं, बँक, कपाटं करत होतो, त्याचा शीण नव्हता. हा वेगळा आहे.

आणि एक गोष्ट राहिलीय. तिच्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलो. गेल्या आठवड्यात मीनलचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, गॅस बंद केला की नाही ते बघायला मी जिन्यावरून परत जाते हल्ली. आईचं असंच सुरू झालं होतं ना? माझंही तसंच होणार बहुतेक." बेचाळीस वर्षांची पोर! हिशेब करत बसलीय की आपल्याकडे किती वर्षं आहेत. मी नेहमीसारखं "काळजी करू नकोस" म्हणालो आणि फोन ठेवला. आज सकाळपासून तिचे दोन फोन येऊन गेले. "गाडी झाली का?" एवढंच विचारायचं असेल तिला. मी उचलले नाहीत. फोनवर सांगितलं तर मी अर्धंच सांगेन. मला ओळखतेस तू.

म्हणून तिला निरोप पाठवलाय. "गिऱ्हाईक अकराला येणार आहे, तू नऊला ये."

तुला शब्द देतो, अक्का. रविवारी तिला बॉनेटपाशी उभी करीन. जुनी तार डब्यात ठेवलीय, कुंकवाच्या खपलीसकट. ती तिच्या हातात देईन. मीटर लावून दाखवीन. भिंतीवरची कॅलेंडरं काढून तिच्यापुढे मांडीन आणि सांगेन, तुझी आई काही विसरत नव्हती. दिवे बंदच होते. मामानं मोजलं नाही, आणि पाणीही मामानंच ओतलं. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. मध्येच उठून अंगणात जाणार नाही. गाडी विकायची की ठेवायची ते मग तिनं ठरवावं. ठेवलीच, तर दसऱ्याला नारळ चाकापुढे फुटेल, भावजींसारखा.

काल संध्याकाळी गाडी फाटकात लावून उतरलो. दिवे बंद केले. चार पावलं गेलो, परत येऊन बघितले. मग आत येऊन कालच्या चौकोनात तसं लिहिलंय. खुणा दोन केल्यात.

तुझा,
बापू

सातारा, तुझ्या घरातून